फळीखालचा थर्माकोल

७ मे १९९९, शुक्रवार. काम: होडीचा डेक उघडणे, खालचा थर्माकोल बाहेर काढून तपासणे, परत बसवून डेक बंद करणे. पितळी स्क्रू चौऱ्याऐंशी. माणसं दोन, मी आणि हिराबाई.

याआधी दर मे महिन्यात या कामाची सुरुवात मिस्त्री करायचे. उजव्या हाताची बोटं मुडपायची, पेरांनी फळीवर तीनदा ठोकायचं, मान जराशी वाकडी करून थांबायचं. मग दुसरी फळी, पुन्हा तीनदा. मधे कोणी बोललं तर ते रागवायचे नाहीत. फक्त पहिल्या फळीपासून परत सुरू करायचे. दोनदा असं झालं की बोलणाऱ्याला आपली चूक कळायची.

या वर्षी ठोकायला ते नव्हते. मी मिठागराच्या बांधावर बसकूर टाकलं आणि सरळ स्क्रूड्रायव्हर हातात घेतला.

"ताई, ठोकून तरी बघा," हिराबाई म्हणाली.

"मला काय कळणार आहे त्यातलं?"

"न्हाय कललं तरी ठोका. रीत हाय."

ठोकलं. लाकूड लाकडासारखं वाजलं. मी पहिला स्क्रू काढायला घेतला.

मिस्त्रींना तुमच्यापैकी काहींनी पाहिलंही असेल. नव्वदच्या सुमाराला ज्यांनी मीरा रोडला पूनम सागर, सिल्व्हर पार्क या बाजूला नवीन फ्लॅट घेतले, त्यांच्यातल्या कोणाकोणाच्या घरात त्यांच्या हातची कपाटं आहेत. उंच, काटकुळा माणूस, खाकी हाफ पँट, खांद्यावर हत्यारांची गोणपाटाची पिशवी. पेन्सिल जवळ नसायची. लाकडावर खूण करायची झाली तर अंगठ्याच्या नखाने करायचे आणि ती नेमकी दिसायची. त्यांचं नाव मी विचारलं नाही. घोडबंदरला सगळे मिस्त्रीच म्हणत, मीही तेच म्हटलं.

मूळ धंदा होड्यांचा. खाडीतून रेती काढणाऱ्या लाकडी होड्या बांधण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. मग लोखंडी बार्ज आले आणि मिस्त्री इमारतींकडे वळले. हात मात्र होडीचाच राहिला. सिल्व्हर पार्कच्या माझ्या घरात ओट्याखालचं कपाट त्यांनी केलं, त्याचा तळ एका कोपऱ्याकडे उतरता होता, सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठोकलेला होता, आणि कोपऱ्यात भोक पाडून त्याला लाकडी बूच बसवलेलं होतं.

"मिस्त्री, हे बूच कशाला?"

"पानी आत आला त सोडायला."

"माझ्या स्वयंपाकघरात काय भरती येते का?"

"कुठशी येल, सांगता येत न्हाय बाई."

कपाटाची मागची फळीही त्यांनी खिळ्यांनी न ठोकता स्क्रूने बसवली. तिथे पुन्हा कोण कशाला हात घालणार, असं मी म्हटलं. त्यावर ते जे म्हणाले ते मी पुढची सात वर्षं ऐकत राहिले. "बंद केला, त उघडता बी आला पायजे."

तीन महिन्यांनी वरच्या मजल्यावरचा पाइप भर दुपारी फुटला. शेजारणीचे डबे स्वयंपाकघरभर तरंगत होते. माझ्या कपाटातलं पीठ कोरडं राहिलं. त्यानंतर मी बुचाबद्दल एक शब्द काढला नाही.

आता होडीकडे येते.

मी भाईंदर पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये थर्माकोलच्या कारखान्यात सुपरवायझर होते. मिक्सर, टीव्ही, काचेचं सामान यांच्या खोक्यांत जे पांढरे ठोकळे येतात ते आम्ही बनवायचो. माझ्या हाताखाली अकरा बायका होत्या. त्यातल्या सहा खाडीपलीकडच्या गावातून रोज भाड्याच्या होडीने यायच्या. हिराबाई त्यांची म्होरकी. १९९१ च्या पावसाळ्यात एका सकाळी ती होडी मधोमध पाण्याने भरली. लाकडी होडी एरवी भरली तरी तरंगते, पण हिच्यात पंपाचं जुनं डिझेल इंजिन बसवलेलं होतं. त्या वजनाने ती सरळ तळाला गेली. जाळी लावायला मच्छीमारांनी खाडीत रोवलेले खांब जवळ होते म्हणून निभावलं. सहाही जणी खांबांना मिठ्या मारून तासभर पाण्यात राहिल्या.

दुसऱ्या दिवशी एकही कामावर आली नाही. आठवड्याने मी स्वतः रेल्वेने पलीकडे उतरून, चिखल तुडवून त्यांच्या गावी गेले. हिराबाईच्या सासऱ्यांनी मला खाट दिली, चहा दिला आणि म्हणाले, "बुडनार न्हाय अशी होडी आना बाई, मंग न्या बायकांना."

ते त्यांनी नकार म्हणून सांगितलं होतं. मी ते ऑर्डर म्हणून घेतलं.

मला माझ्या बायका परत हव्या होत्या. त्यांच्या झपाट्याने खोकं भरणारं दुसरं कोणी नव्हतं. आणि हिराबाईच्या दोन मुलींची शाळा या एका नोकरीवर चालली होती, हे मला माहीत होतं. कारखान्यात थर्माकोलच्या तुकड्यांचा ढीग होता. थर्माकोल बुडत नाही, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. होडीत तो पुरेसा भरला तर होडी बुडणार नाही. गणित साधं होतं.

वर्गणी जमेपर्यंत ब्याण्णवचा उन्हाळा उजाडला, मग बायकांनी चिखलात पडलेली एक बावीस फुटी जुनी होडी मिळवली. तिच्यातही डिझेल इंजिनच बसणार होतं. मी मिस्त्रींना गाठलं. शेठना विचारलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "बेन, आपण थर्माकोलवाले. ये खाडी का काम कहाँ से ले के बैठी?" तुकडे मात्र न्यायला दिले.

मिस्त्रींना माझा बेत मी कागदावर काढून दाखवला. होडीच्या तळाशी सगळीकडे थर्माकोल, वर फळ्या. त्यांनी कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि म्हणाले, "बाई, डबा हाय तुमचा?"

माझा ॲल्युमिनियमचा जेवणाचा डबा त्यांनी मागितला. आतली भेंडीची भाजी त्यांनी झाकणावर काढून घेतली आणि बोलता बोलता खाऊनही टाकली. डब्याच्या तळाला थर्माकोलचा तुकडा दाबून बसवला, कारखान्याच्या पाण्याच्या पिंपात डबा सोडला आणि त्यात तांब्याने पाणी ओतलं. डबा भरला, डुगडुगला आणि पालथा झाला. थर्माकोल वर, डब्याचं तोंड खाली.

"ह्या तुमच्या बायका," ते पालथ्या डब्याकडे बोट दाखवून म्हणाले.

मग त्यांनी तुकड्याच्या पट्ट्या केल्या आणि डब्याच्या आत कडेला, वरच्या बाजूने बसवल्या. परत पाणी ओतलं. डबा काठोकाठ भरला तरी सरळ उभा राहिला. बारा वर्षं थर्माकोलमध्ये काढून मला हे सुचलं नव्हतं. तसं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तुमी खोक्यात भरता. खोका पालथा झाला तरी चालते."

ठरलं ते असं. होडीच्या दोन्ही कडांना आणि पुढच्या टोकाला फळ्या ठोकून रुंद बैठक करायची. तिला मी डेक म्हणायचे, मिस्त्री तक्ता म्हणायचे. थर्माकोल त्या तक्त्याखाली, वरच्या अंगाला. बायका वर बसणार.

होडी मिठागराच्या बांधाला आणली. पहिल्या दिवशी मी पाहायला गेले तर मिस्त्री बादल्या भरभरून होडीत पाणी ओतत होते. आम्ही खटाटोप करतोय तो आत पाणी येऊ नये म्हणून, आणि हा माणूस आत पाणी भरतोय. मी दोन शब्द सुनावले. त्यांनी हातातली बादली ओतून संपवली.

"सुकलीय ती. फल्यांमधी बोट जाते. चार दिस पानी प्याली का फुगंल, सांधे आपले आपन मिटतील. जे न्हाय मिटनार, तेवढे मी मिटवीन."

तसंच झालं. चार दिवसांनी पाणी काढलं तेव्हा निम्मे सांधे मिटलेले होते. उरलेल्यांत त्यांनी कापूस ठोकला, सडलेल्या तीन फळ्या बदलल्या आणि होडीला आतून बाहेरून डांबर फासलं. ते ठोकत असताना मी कारखान्यात गरम तारेवर ठोकळे कापत होते. होडीच्या पोटाचा बाक त्यांनी मला पुठ्ठ्यावर काढून दिला होता, त्या मापाने. एकदा ते तार बघायला आले. ठोकळ्यातून ती फिरताना पाहून लहान मुलासारखे वाकले. "लोन्यातून सुरी जावी तशी जातेय," म्हणाले आणि मला आणखी दोन तुकडे कापायला लावले, नुसते बघायला.

एका शुक्रवारी, आमच्या इस्टेटला सुट्टी असते त्या दिवशी, आम्ही ठोकळे बसवले. इतके चपखल बसले की मधे कागद सरकला नसता. मला स्वतःचं कौतुक वाटलं. मिस्त्रींनी वर फळ्या घातल्या आणि पितळी स्क्रू फिरवले, एकूण चौऱ्याऐंशी. मी म्हटलं, खिळे मारा, अर्ध्या वेळात होईल. त्यांनी उत्तर दिलं नाही. ते मला पाठच होतं.

सगळं बंद झाल्यावर त्यांनी तक्त्यावर तीनदा ठोकलं, मान वाकडी केली, आणि त्यांचा चेहरा पडला.

"मुकी झाली," म्हणाले.

"थर्माकोल आहे ना खाली. आवाज दबणारच."

"मना आता कलायचा कसा, खाली फली सडतेय का बरी हाय?"

"थर्माकोल शंभर वर्षं सडत नाही मिस्त्री. निवांत राहा."

"थर्माकोल न्हाय. फली."

पुढच्या शुक्रवारी होडी पाण्यात उतरवायची ठरली. त्यांच्याकडची रीत अशी की दुरुस्त केलेली होडी भरतीला खोल पाण्यात नेऊन काठोकाठ भरायची आणि एका माणसाने एकट्याने तिच्यात बसून दाखवायचं. कोणी बसायचं तेही ठरलेलं. ज्याच्या हाताने शेवटची फळी बंद झाली, त्याने.

मंगळवारी दुपारी मिस्त्री कारखान्याच्या दारात उभे. वॉचमनने त्यांना अडवलं होतं, तरी त्यांनी मला बाहेर बोलावून घेतलं.

"बाई, तक्ता बोलतोय."

"म्हणजे?"

"शुक्करवारी मुका होता. काल जरासा बोलला. आज पार ढोल. खाली काय तरी न्हाय."

मला वाटलं, या माणसाला थर्माकोल पहिल्यापासून नको होता, आता निमित्त शोधतोय. "मिस्त्री," मी म्हटलं, "थर्माकोल जाईल कुठे? त्याला पाय आहेत का? चौऱ्याऐंशी स्क्रू आहेत वर. शुक्रवारी उतरवायची आहे. पलीकडे सगळ्यांना सांगून झालंय. आता उघडायचं नाही."

"बंद केला त..."

"मिस्त्री!"

ते गेले. मी परत लाइनवर आले आणि तासभर माझं कामात लक्ष लागलं नाही. हिराबाई आणि तिच्या पाच जणी या चार दिवसांत एवढ्या खुशीत होत्या की हिराबाईने मुलींच्या वह्या आधीच आणून ठेवल्या होत्या. शुक्रवारी उतरवायची म्हणजे उतरवायची. साडेचारला मी शेठना सांगून निघाले आणि रिक्षाने मिठागरावर गेले.

मिस्त्री तिथे तक्ता उघडत बसले होते. निम्मे स्क्रू निघाले होते, एका नारळाच्या करवंटीत जमा. मला पाहून त्यांनी हात थांबवला नाही. हिराबाई पलीकडून आली होती, ती बाजूला कमरेवर हात ठेवून उभी. मी त्यांच्यावर ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी फळी उचलली.

खाली माझा थर्माकोल नव्हता. जे होतं ते मी कसं सांगू? शेगडीवर दूध उतू जाऊन करपावं तसा काळा चिकट थर लाकडाला धरला होता आणि त्यात अधूनमधून दात पडल्यासारखे पांढरे तुकडे उरले होते. हात घातला तर आत कोपरापर्यंत रिकामं.

वासानेच मला कळलं. डांबरात रॉकेल होतं. घट्ट डांबर पसरत नाही म्हणून खाडीकाठी सगळे त्यात रॉकेल घालून पातळ करतात, पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत. आणि थर्माकोलला रॉकेल, पेट्रोल, थिनर यातलं काहीही लागलं की तो विरघळतो, हे माझ्या कारखान्यात झाडू मारणारीलाही माहीत होतं. आमच्या इथे सोल्युशनचा डबा दाराच्या आत आणायला बंदी होती, आणि ती बंदी मीच घातली होती. ठोकळे बसवले त्या दिवशी ते डांबर अर्धवट ओलं होतं. त्यांना थर्माकोल माहीत नव्हता, मला डांबर माहीत नव्हतं. आणि दोघांनाही आपापल्या कामाची इतकी खात्री की एकमेकांना विचारायचं सुचलं नाही.

हिराबाई वाकून आत बघत म्हणाली, "ताई, तुमचा शंभर वर्सांचा माल चार दिवसांत गेला की."

  मिस्त्री नखाने तो काळा थर खरवडून वास घेत होते.

"रॉकेल माझा," ते म्हणाले.

"थर्माकोल माझा."

"मंग अर्धा अर्धा," ते म्हणाले आणि पुढचा स्क्रू काढायला बसले.

त्या दिवशी त्यांनी ठोकलं नसतं तर शुक्रवारी ते एकटे त्या होडीत बसले असते, होडी इंजिनासकट खाली गेली असती आणि ते पोहत बाहेर आले असते. ते बरं म्हणायचं. पण डांबर थोडं अधिक सुकलेलं असतं आणि थर्माकोल सावकाश विरघळत राहिला असता, तर होडी परीक्षेत पास झाली असती आणि महिन्याभराने, बायका बसलेल्या असताना, नापास झाली असती. हे मी रिक्षात बसून घरी जाताना मोजत होते.

दुसऱ्यांदा आम्ही घाई केली नाही. आतलं डांबर खरवडून काढलं, नवं डांबर तापवून बिनरॉकेलचा पातळ हात दिला आणि तीन आठवडे होडी उन्हात उघडी ठेवली. या वेळी मी प्रत्येक ठोकळा जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून कारखान्याच्या मशीनवर तिचं तोंड चिकटवलं. मिस्त्रींनी आतून लाकडी पट्ट्या मारल्या, म्हणजे ठोकळा होडीच्या अंगाला टेकणार नाही आणि आत आलेलं पाणी मागून वाहून जाईल. चपखल बसवायचा नाही, हवा खेळती ठेवायची. माझ्या कौतुकाच्या चपखलपणाचं असं झालं. आणि दर मे महिन्यात सगळं उघडून बघायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलं. खरं म्हणजे त्यांनी ते आधीच ठरवलं होतं, मी फक्त मान डोलावली.

जूनच्या आधी होडी उतरवली. शेवटचा स्क्रू मिस्त्रींनी फिरवला. दोर बांधून होडी पुरुषभर पाण्यात सोडली आणि दोन गडी बादल्यांनी ती भरू लागले. मिस्त्री आत तक्त्यावर बसलेले. पाणी वाढत गेलं, होडी खाली खाली गेली, तक्ता पाण्याच्या चार बोटं वर राहिला, आणि तिथेच थांबली. मिस्त्री पाण्यात पाय सोडून, बांधावर बसावं तसे बसून होते. त्यांनी कानामागची विडी काढली, ती पेटवून शेवटपर्यंत ओढली. ती संपली तेव्हा परीक्षा संपली. हिराबाईचे सासरे काठावरून उठून घरी गेले. सोमवारी सहाही जणी कामावर हजर.

"बाई, तुमी कधी बसनार?" मिस्त्री मला काठावर येऊन म्हणाले.

"मला पोहता येत नाही."

"म्हनून तर थर्माकोल घातला."

मी हसण्यावारी नेलं. मी अलीकडची, मला पलीकडे जायचं कामच काय होतं? दर वर्षी होडी भरली की ते हाच प्रश्न विचारायचे आणि मी हेच उत्तर द्यायचे.

ती होडी एकदाच खऱ्या अर्थाने कामाला आली. शहाण्णवच्या जुलैत एक मोठा रेतीचा बार्ज फार जवळून गेला आणि त्याच्या लाटेने ती काठोकाठ भरली. आत नऊ बायका होत्या. इंजिन बंद पडलं, होडी तरंगत राहिली. भरतीने काठाला लागली आणि नऊजणी कमरेपर्यंत ओल्या कामावर आल्या, वीस मिनिटं उशिरा. मी उशीर मांडला नाही. संध्याकाळी मिस्त्रींकडे घोडबंदरला मुद्दाम बसने गेले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, खूश होतील. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग तक्ता उघडला का?"

शेवटची दोन वर्षं त्यांना ऐकू येत नव्हतं. हे मला उशिरा कळलं, कारण ते पहिल्यापासूनच निम्म्या गोष्टींना उत्तर द्यायचे नाहीत. अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात ते ठोकत असताना मागून एक ट्रक कर्कश हॉर्न वाजवत गेला. ते तसेच, मान वाकडी. मी पुढे जाऊन त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं, "मिस्त्री, ऐकू येत नाही तर ठोकता कशाला?"

त्यांनी माझा हात धरला, बोटं मुडपायला लावली आणि फळीवर ठोकवली. "कानाना कोन ऐकतय?" म्हणाले. "हाडाना."

त्या वर्षी त्यांनी सांगितलं की मागच्या टोकाची डावी फळी बदलायला आली आहे. उघडली तर खालून बोट जाईल इतकी मऊ झाली होती.

डिसेंबरात ते गेले. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी संपलं. निरोप हिराबाईने आणला. मी गेले, बसले, आले. त्यांची हत्यारं मुलाने गणपतीच्या मखरांचं काम करणाऱ्या कोणाला देऊन टाकली होती, आणि ते योग्यच झालं. हत्यार वापरात राहिलेलं बरं.

तर त्या शुक्रवारी आम्ही दोघींनी चौऱ्याऐंशी स्क्रू काढले. ज्याला हाडाने कळतं तो ठोकून भागवू शकतो. आम्हाला उघडण्याशिवाय इलाज नव्हता. ठोकळे एकेक करून बाहेर काढले, पिशव्या तपासल्या. चार फाटल्या होत्या, त्या ठोकळ्यांना मी नव्या घातल्या. लाकूड प्रत्येक हातभर अंतरावर टोचून पाहिलं. पुढच्या फळीच्या खालच्या अंगाला सहा खाचा दिसल्या. दर वर्षी उघडल्याची एकेक, नखाने खूण करून पटाशीने मारलेली. हिराबाईने सातवी मारली. वाकडी आली.

मग फळ्या परत घातल्या. ऊन कलत होतं, आम्ही दोघी आलटून पालटून स्क्रू फिरवत होतो. मी शेवटचा घट्ट केला, पाठ सरळ केली आणि पाहिलं तर हिराबाई माझ्याकडे बघत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"ताई, द्या मना," ती हात पुढे करून म्हणाली. "एक ढिला करते नि परत मीच फिरवते. मंग मी बसंन. मना पवता येतय."

तिचं बरोबर होतं. कोणी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं असतं तरी कोणी काही म्हटलं नसतं. पण सात वर्षांमागे त्या फळीखाली काय निघालं होतं ते आम्ही दोघींनी पाहिलं होतं, आणि सोमवारी त्या तक्त्यावर नऊजणी बसणार होत्या. आत सगळं ठीक आहे असं मी म्हणत होते. मग बसायला हरकत काय?

मी स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला.

"उद्या भरती किती वाजता?" मी विचारलं.

"अष्टमी हाय. सकाली सहाच्या पुढं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी सलवार-कमीज घालून मिठागराच्या बांधावर हजर झाले. साडी असल्या कामाची नाही. होडी पुरुषभर पाण्यात सोडली, दोर हिराबाईच्या हातात. दोन गडी बादल्या ओतत राहिले आणि मी तक्त्यावर बसले. पाणी घोट्यांपर्यंत आलं, पोटऱ्यांपर्यंत आलं, गुडघ्यांशी आलं. होडी खाली जात होती आणि ती कुठे थांबणार हे मला सात वर्षं माहीत होतं, तरी मी दोन्ही हातांनी कड धरून ठेवली होती. तक्ता पाण्याच्या चार बोटं वर राहिला. थांबली.

गडी बाजूला झाले. आता विडी संपेपर्यंत बसायचं होतं, आणि मी विडी ओढत नाही. मी कड सोडली, बोटं मुडपली आणि पहिल्या फळीवर तीनदा ठोकलं. थांबले. मग दुसरी फळी, तीनदा. मग तिसरी.

चौथीला काठावरून हिराबाई ओरडली, "ताई, कलतय का काय?"

मी पहिल्या फळीपासून परत सुरू केलं.